बिडाचा जोड

सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. खरं सांगायचं तर माणूस नंतर दिसला, भांडण आधी सुरू झालं होतं.

आमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये मी शिवणकामाची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. फळ्यावर बाहीची आकृती काढत होते. वर पंखा गरगरत होता, आणि अचानक तो दमल्यासारखा झाला. ट्यूबलाइट फडफडली, मुलींच्या विजेच्या मशीनी रडका सूर काढून मंदावल्या. जरा वेळाने सगळं ठीक झालं. मग पुन्हा तेच. मी शिपाईकाकांना बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे? ते म्हणाले, "बाजूच्या वर्कशॉपात वेल्डिंगवाले सर हायेत न मॅडम. ते पेटले की आपुन विझतो."

मी तशीच तरातरा बाजूच्या दारात गेले. आत निळा लखलखाट. कोणीतरी ओरडलं, "डोये मिटा!" मी मिटले. उघडले तेव्हा समोर एक उंच, वाळका माणूस उभा होता, डोक्यावर काळा मुखवटा वर उचललेला, आणि मिशी अर्धीच. उजवी बाजू झुपकेदार आणि डावी बाजू जळून नुसती खुंटं उरलेली. कामात तोंड डावीकडून जवळ नेण्याची सवय, त्यामुळे ठिणग्यांनी कायम तीच बाजू खाल्ली होती.

"शिवणवाल्या मॅडम का तुमी?" त्यांनी विचारलं. "तुमच्यात धागा तुटला की गाठ मारता. आमच्यात गाठ नसते."

"आमच्यात पंखा चालतो," मी म्हटलं.

त्यावर ते मोठ्याने हसले आणि पुढच्याच क्षणाला मान खाली झटकली. खट्कन मुखवटा तोंडावर पडला, आणि माझ्या वर्गातला पंखा पुन्हा मंदावला. आमच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा नमुना त्या दिवशीच ठरून गेला.

ती मान झटकण्याची गोष्ट आधी सांगते. एका हातात वेल्डिंगच्या कांडीचा होल्डर आणि दुसऱ्या हातात पकड असली की वेल्डर मुखवटा हाताने पाडत नाही, मानेच्या झटक्याने पाडतो. सरांच्या अंगात तो झटका इतका मुरला होता की कुठलंही महत्त्वाचं काम सुरू करण्याआधी तो यायचाच. सही करण्याआधी मान झटकली, भाकरीचा पहिला घास मोडण्याआधी झटकली, भाषणाला उभं राहिल्यावर झटकली. आमच्या प्राचार्यांना ते उमगलं नव्हतं. ते मीटिंगमध्ये विचारायचे, "वृक्षारोपणाची जबाबदारी कोण घेणार?" सर बोलायला तोंड उघडण्याआधी सवयीने मान झटकायचे, आणि प्राचार्य लिहून टाकायचे. वृक्षारोपण, रक्तदान, स्वच्छता पंधरवडा, सगळं सरांच्या गळ्यात. "मी नाही म्हनाले तोंड उघडतो न मॅडम," ते मला सांगायचे, "तं तोवर मान हो म्हनून बसते."

त्यांचे शर्ट हा माझ्यासारखीला रोजचा छळ होता. छातीवर, बाह्यांवर, पोटावर ठिणग्यांची बारीक बारीक भोकं. उन्हात उभे राहिले की आतल्या बनियनवर ठिपके पडायचे. मी कितीदा म्हटलं, रफू करून देते. ऐकतील तर शपथ. "हे भोकं नाही मॅडम, हे माह्ये सर्टिफिकीट हायेत. सर्टिफिकीटाले रफू करते का कोनी?"

आणि खिशात कायम खडू. सर जिथे जातील तिथल्या लोखंडाचे जोड तपासायचे आणि त्यावर शेरा लिहायचे. शेरे दोनच, 'नापास' आणि 'चालते'. 'पास' नावाचा तिसरा शेरा आहे असं ते सांगायचे, पण तो कुणी पाहिलेला नव्हता. एसटीत बसले की आधी सीटखाली बोट फिरवायचे, मग तिकीट काढायचे. कंडक्टर ओळखीचे झाले होते. "काय सर, जाते का गाडी शेगावलोक?" असं विचारायचे. सर वाकून, चाचपून, गंभीरपणे सांगायचे, "शेगावलोक जाते. वापस याची ग्यारंटी नाही."

डोणगावजवळचं त्यांचं गाव. तिथल्या एका लग्नात त्यांनी या खडूने केलेला पराक्रम अजून सांगितला जातो. पुतणीचं लग्न, दारी लोखंडी सांगाड्याचं भाड्याचं स्टेज. मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत होते आणि सर स्टेजमागे खांबाचे जोड तपासत होते. जोड काही त्यांना पसंत पडला नाही. त्यांनी ठळक अक्षरांत शेरा मारला आणि येऊन पंगतीला बसले. तो खांब नेमका नवरदेवाच्या खुर्चीमागे. झालं असं की लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या डोक्यावर पांढरंशुभ्र 'नापास' आलं. त्यात बिचारा बारावीला दोनदा अडकलेला. वरपक्ष जो भडकला, तो जिलेबी येईपर्यंत शांत झाला नाही. सरांना मात्र एवढंच दुःख होतं की एवढ्या बोंबाबोंबीत तो खांब कुणी बदलला नाही. "आहेर करून लग्न निपटते," ते मला म्हणाले, "जोड निपटत नाही."

नव्या यंत्राचं तर त्यांना इतकं वेड की नवी साडी आल्यावर आमच्या बायकांना नसेल. संस्थेत नवं वेल्डिंग मशीन येणार असलं की सर दाढी करून यायचे. खोक्याला हळदकुंकू, नारळ, आणि ओवाळायला मी. कारण त्यांच्या हिशेबात ती सून होती. जुना घुमणारा ट्रान्सफॉर्मर सासूबाई. हातात उचलता येणारं इन्व्हर्टरचं वेल्डिंग मशीन आलं ती थोरली सून, कामसू, कमी खाणारी. तारेचं आणि गॅसचं मशीन आलं ती मधली. "मधलीले वारा सोसत नाही," सर मुलांना शिकवायचे. "तिच्या तोंडापाशी गॅसचा पदर असते. दार उघडं ठेवलं, वारा आला, पदर उडाला, की जोडात भोकं पडलेच समजा." ॲल्युमिनियमसाठी आली ती धाकटी, शांत आवाजाची, बारीक हाताची. मी एकदा म्हटलं, "सर, तुमच्या घरात एकही जावई कसा नाही हो? सगळ्या राबायला सुनाच?" ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरवर खडूने 'जावई' लिहिलेलं होतं. "लई आवाज करते आन् काम मोडाचं करते," त्यांनी खुलासा केला.

मग आली लेझरची. मशीन कसलं, हातातली बंदूकच. तिचा ट्रिगर दाबला की पातळ पत्र्यावर अशी एकसारखी शिवण उठायची की मीसुद्धा वाकून पाहिलं. त्या दिवशी सर उड्या मारायचेच बाकी होते. ओवाळून झाल्यावर त्यांनी सगळ्या मुलांना गोळा करून भाषण केलं. मान झटकली आणि म्हणाले, "माह्या आजानं डोणगावच्या बाजारात बसून फुटक्या गडव्याले कथलाचा डाग देल्ला. बापानं गॅसच्या ज्योतीवर पितळ झाळलं. मी करंटवर आलो. आता उजेडानं लोखंड जुळते. आमच्या खानदानात आता नुसतं पाह्यलं का जुळलं, असा मानूस जन्माले याचा राह्यला!"

भाषण झाल्यावर ते माझ्या दारात आले. "पंखा कसा हाय मॅडम?"

मी वर पाहिलं. पंखा मंदावला नव्हता. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते मिळालं, आणि मला चक्क चुकल्यासारखं झालं.

आता मिशीची प्रतिज्ञा. ती झाली चहाच्या टपरीवर. कुणीतरी कुरापत काढली की सरांनी जोडलेला बाक मोडला. सर कप तसाच ठेवून उठले, बाक पाहून आले आणि म्हणाले, "जोडाशेजारी मोडला. जोडात नाही." लोक हसले. मग सरांना चढलं. उरलेल्या अर्ध्या मिशीला पीळ देऊन त्यांनी जाहीर केलं, "माह्या हातचा जोड ज्या दिवशी तुटंल, त्या दिवशी मिशी उतरवीन."

"अर्धी तर उतरलेलीच आहे," मी म्हटलं. त्या वेळी गंमत वाटली. त्या मिशीचा आणि माझ्या मायच्या मशीनचा काही संबंध येईल असं कुणाला वाटलं असतं?

माझी माय धाडची. तिथे आठवडी बाजारात एका लिंबाखाली तिची जागा होती. खेड्यापाड्यातून आलेल्या बाया सकाळी तिच्याजवळ कापड टाकायच्या, बाजार करायच्या, आणि उन्हं कलताना शिवलेलं पोलकं घेऊनच जीपमध्ये बसायच्या. माप घेणं नाही, काही नाही. माय बाईला उभी आडवी एकदा पाहायची, की झालं. ज्या मशीनवर हे चालायचं ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काळं, जड धूड. आम्ही भावंडं त्या मशीनच्या आवाजात झोपायला शिकलो. जयंती जवळ आली की त्याच मशीनवर विहारासाठी निळे झेंडे शिवले जायचे. दरवर्षी, सगळ्या वस्तीचे, एकट्या मायच्या हातचे. अलीकडे बाजार सुटला होता. आदल्या वर्षी ती अंगणात पडली, मांडीत रॉड घालावा लागला, तेव्हापासून चालताना डावीकडे कलायची. पण झेंडे तिने सोडले नव्हते.

आमच्या संस्थेत प्रदर्शन होतं आणि मला जुनं मशीन मांडायचं होतं. मायने द्यायला का कू केलं. "जयंतीच्या आंदी वापस पाह्यजे," म्हणाली. मी शब्द दिला. प्रदर्शन छान झालं. परत पाठवताना मशीन जीपच्या टपावर बांधलं होतं, ते फाटकाच्या गतिरोधकावर दोर सुटून खाली आलं. मी धावत गेले. चाक शाबूत होतं, दांडा शाबूत होता, पण खालची बिडाची बैठक, जिथे कापड पुढे सरकवणारे दाते असतात त्याच्या अगदी जवळून, आरपार दोन तुकडे झाली होती.

मी फोन करून सरळ सांगितलं. माय एरवी फोनवर शेळीच्या पोटदुखीपर्यंत सगळं सांगते. त्या दिवशी ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या एका शब्दाने मला जेवण गेलं नाही.

प्राचार्य म्हणाले, बीड जुळत नाही, भंगारात द्या, नवीन घेऊ. दुकानदार म्हणाला, असला भाग आता येत नाही. सर मात्र दोन्ही तुकडे हातात घेऊन तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मी म्हटलं, "ती लेझरची नवी सून काही करील का?"

"ते पोरगी गुनाची हाय, पन हे तिचं काम नोहे. बीड म्हंजे रुसकं मानूस असते मॅडम. लवकर तापवलं तं तडकते, लवकर थंडं केलं तरी तडकते. समजूत काढत काढत जोडा लागते." मग मान झटकून म्हणाले, "शनिवारी या. सगळे पुर्जे काढून आना. आन् डब्यात भाकर जास्त आना, दिवस जाईन."

मशीन मी स्वतः खोललं. एकेक पुर्जा जुन्या चादरीवर ओळीने मांडला. सरांनी तुटलेल्या कडा घासून तिरप्या केल्या आणि गॅसच्या मंद ज्योतीने बैठक शेकायला घेतली. थोड्या वेळाने बिडातून काळं पाणी पाझरू लागलं. मला कळेना. सर म्हणाले, "तेल हाय. तुमच्या मायनं इतके वर्षं घातलं न, ते बिडानं पिऊन ठेवलं. पह्यले हे समदं निघालं पाह्यजे, नाही तं जोड धरत नाही."

तेलाचा वास आला. लहानपणी मायच्या मांडीवर डोकं ठेवलं की येणारा, अगदी तोच वास. मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. सर फडक्याने तेल पुसत राहिले आणि पुन्हा शेकत राहिले.

मग जोडकाम सुरू झालं. त्याची रीत अशी की निकेलच्या कांडीने बोटाच्या पेराएवढीच शिवण घालायची आणि थांबायचं. गरम असतानाच बारक्या हातोडीने तिला थोपटायचं, पोराला झोपवताना थोपटतात तसं, म्हणजे धातू आक्रसताना ओढाताण होत नाही. मग उघडा हात ठेवता येईल इतकं निवेपर्यंत नुसतं बसायचं. नंतर पुढचं पेर, तेही दुसऱ्या टोकाकडून. एकदा इकडून, एकदा तिकडून. एकाच बाजूने घालत गेलं तर जोड त्या बाजूला ओढून घेतो.

सरांसारख्या बडबड्या आणि उतावळ्या माणसाला ही शिक्षाच होती. दर वेळी थांबायचं म्हटलं की करायचं काय? एवढ्या वर्षांत आम्ही दोघं कधी एका जागी बसलो नव्हतो, दारात उभं राहून भांडलो होतो फक्त. त्या दिवशी वर्कशॉपच्या पायरीवर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. ते त्यांच्या आजाबद्दल बोलले, मी मायच्या बाजाराबद्दल. डबा संपला, गोष्टी संपल्या, आणि अर्थातच भांडण निघालं.

"जोड असा पाह्यजे मॅडम," सर म्हणाले, "का परत उघडताच नाही आला पाह्यजे."

"आमच्यात तसं चालत नाही. माणूस जाड होतो, बारीक होतो. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवावंच लागतं. त्याला आम्ही माया म्हणतो."

"मंग ते पक्कं काम थोडीच झालं!"

"पक्कं म्हणजे काय? अंगात शिरत नाही ते पोलकं पक्कं शिवून काय पाण्यात घालायचं?"

"आमी बी फट सोडतो, पन भरतो!"

"मग सोडता कशाला?"

सर इतके खवळले की बोलता बोलताच होल्डर उचलला, मान झटकली, पेरभर शिवण घातली, मुखवटा वर केला, माझ्या मुद्द्याला उत्तर दिलं, थोपटलं, आणि पुन्हा बसले. आम्ही दोघंही त्या दिवशी फार चांगले भांडलो.

उन्हं उतरली तेव्हा जोड पूर्ण झाला होता. सरांनी सगळी बैठक पुन्हा एकदा सारखी शेकली आणि वीटभट्टीवरून आणवलेल्या गरम राखेच्या पेटीत पुरली. वरून मी माझी गोधडी घातली. "आता सोमवारलोक पाह्याचं नाही," त्यांनी बजावलं. "बीड थंडं होता होता तडकलं तं 'टिक' असा आवाज येते. तेवढा एक आवाज आला का खेळ खलास." निघताना मात्र दोघंही पेटीला कान लावून उभे राहिलो. आवाज आला नाही.

सोमवारी पेटी उघडली. बैठक अखंड होती. सरांनी भिंग लावून पाहिलं, पाठीमागून रॉकेल लावून पुढून खडू फासला. चीर असती तर खडू ओला झाला असता. कोरडा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी दुपारपर्यंत मशीन जुळवलं, लाल दोरा ओवला, पांढऱ्या कापडाची पट्टी दाबाखाली धरली आणि पायडल मारलं.

आवाज तोच होता. माझा जीव भांड्यात पडला. मग मी शिवण पाहिली. सरळ जायला हवी तिथे पट्टी हळूहळू डावीकडे सरकत गेली होती. पुन्हा घातली. पुन्हा डावीकडे. मी काही बोलायच्या आत सरांनी बैठकीवर पोलादी पट्टी उभी केली आणि डोळा लावला. पट्टीखालून केसाएवढा उजेड दिसत होता.

"एका बाजूनं लागोपाठ दोनदा पडली शिवण," सर हळू म्हणाले. "तिकडून घालाची होती, तं मी इकडूनच घातली."

"आपण भांडत होतो," मी म्हटलं.

"हाव. पन हात माह्ये होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या फाटकात एक अनोळखी, गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस आला. शिपाईकाकांनी त्याला अडवून विचारलं, "कोन पाह्यजे तुमाले?" त्या माणसाने मान झटकली, तेव्हा कुठे काकांनी हात जोडले.

मग संस्थेत दिवसभर कोर्ट भरलं. प्राचार्यांचं म्हणणं, प्रतिज्ञा तुटण्याची होती, वाकण्याची नव्हती. इलेक्ट्रिशियनचे गुरुजी म्हणाले, केसाएवढा फरक मिशीत धरत नाहीत. मी म्हटलं, "सर, तुमच्याच बाकाचा कायदा लावा ना. जोडात मोडलं नाही, शेजारी वाकलं." सर कुणाचंच ऐकत नव्हते. "तुटलेला जोड तरी सांगते मी तुटलो म्हनून," ते म्हणाले. "हा तं उभा राहून खोटं शिवते." आणि आपण होऊन त्यांनी मशीनच्या बैठकीवर मागच्या अंगाला खडूने लिहिलं, 'नापास'. ते पाहून मला त्यांच्या मिशीचं नाही, त्यांचंच वाईट वाटलं.

माय आली ती न सांगता. धाडहून जीप, मग बस, मग रिक्षा, आणि शेवटी डावीकडे कलत कलत माझ्या वर्गापर्यंत. मुलींनी खुर्ची दिली. तिने आधी मशीनच्या चाकावरून हात फिरवला, मग पदराने बैठक पुसू लागली आणि मागे खडूचं काही दिसलं.

"हे काय लिवलं?"

"सरांनी लिहिलंय," मी म्हटलं. "जोड वाकडा आला म्हणून."

मायने पदराचं टोक जिभेला लावून ते स्वच्छ पुसून टाकलं. "माह्या मशीनवर कोनी काई लिवाचं नाही," म्हणाली. मग कापडाची पट्टी घेतली, डोळे जवळजवळ मिटून पायडल मारलं आणि कान देऊन ऐकत राहिली. पट्टीच्या शेवटाला आल्यावर तिने शिवणीवरून बोट फिरवलं. सर दारात उभे होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

"डावीकडं ओढते," माय म्हणाली.

"हाव माय," सर म्हणाले. "माह्यी चूक हाय."

"मांडीत रॉड घातला तवापासून मी बी डावीकडंच ओढतो. म्हून काय मले भंगारात देता?" तिने पट्टी पुन्हा दाबाखाली घातली, आणि या वेळी उजव्या हाताने कापड जरासं, अगदी नकळत, उजवीकडे ताणून धरलं. शिवण सुतासारखी सरळ आली. "झेंड्याले तं तेवढं बी कराची गरज नाही. वाऱ्यात समदंच तिरपं दिसते." मग तिने सरांकडे नीट पाहिलं. "तुमी मिशी काऊन काढली? रंग गेला तोंडाचा."

सरांनी नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. 

"येईन वाढून," माय म्हणाली. "मिशीच हाय ते."

त्या जयंतीला विहारावर निळे झेंडे लागले, मायच्या हातचे. दोन वर्षांनी तिचे डोळे फारच गेले तेव्हा तिने मशीन माझ्याकडे पाठवून दिलं. "पोरी शिकतील," एवढाच निरोप. तेव्हापासून माझ्या वर्गातली प्रत्येक मुलगी पहिली शिवण त्या मशीनवर घालते आणि पहिल्याच आठवड्यात कापड उजवीकडे ताणून धरायला शिकते. इतर शिक्षिका मला सांगतात की तुमच्या मुली ओळखू येतात. नव्याकोऱ्या, बिनचूक मशीनवर बसल्या तरी त्यांचा उजवा हात तेवढं ताणतोच, आणि मग हसून सोडतो.

सर निवृत्त झाले, डोणगावकडे गेले. मिशी आली. ठिणग्या नसल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच ती दोन्ही बाजूंनी सारखी आली आणि त्यामुळे ते स्वतःच स्वतःला ओळखीचे वाटत नाहीत असं सांगतात. शर्ट बिनभोकाचे. मला ते शर्ट बघवत नाहीत, हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

परवा ते मायला भेटायला धाडला आले. मीही गेले होते. बाजाराचा दिवस होता. मायच्या जुन्या लिंबाखाली माझीच एक विद्यार्थिनी हल्ली मशीन घेऊन बसते, सकाळी कापड, संध्याकाळी पोलकं. सरांनी सवयीने आधी तिच्या टेबलाचे लोखंडी पाय चाचपले. मग त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. नवीन मशीन, सरळ चालणारं, आणि तरी तिचा हात पहिल्या टाक्याला कापड उजवीकडे ताणत होता.

"पोरी, कापड तिकडं काऊन ओढून राह्यली वं? मशीन तं बराबर हाय."

"आदत हाय सर," ती म्हणाली. "मॅडमच्या मशीनवर शिकलो न, तिथं असंच धरा लागते."

सर माझ्याकडे पाहू लागले.   त्यांच्या एका चुकलेल्या पेराएवढ्या जोडाची सवय कितीतरी मुलींच्या हातांत जाऊन बसली होती.

सरांनी खिशात हात घातला. खडू नव्हता. निवृत्तीनंतर ते बाळगत नसावेत. मी माझ्या पर्समधला कापडावर खुणा करायचा खडू काढून दिला. त्यांनी तो नीट पाहिला, टेबलाच्या लोखंडी पायाशी वाकले आणि एक शब्द लिहिला. तो शब्द मी सरांच्या हातून पहिल्यांदाच पाहत होते.

'पास.'

"मले का सर?" मुलगी खुलून म्हणाली.

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याआधी सवयीने मान झटकली. तिने तो होकारच धरला. सरांनी माझ्याकडे बघून खडू परत दिला, आणि तो शेरा त्या जुन्या बिडाच्या जोडाचा होता हे मीही तिला सांगितलं नाही.